न टोचलेली सुई

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीतच सुटली. पण ज्यांनी ही हकीकत लिहायला पाहिजे त्या साहेब लोकांनी ती कुठे लिहिली नाही, म्हणून मी माझ्यापुरती वहीत लिहून ठेवते आहे. पोलीस ठाण्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, नवरा-बायकोची भांडणं सगळी एकात एक मिसळून गेली. हे एक प्रकरण मात्र आठवलं की अजून डोकं तापतं.

मी अधिकारी नव्हते. माझे यजमान शिपाई होते. ते गेल्यावर अनुकंपा म्हणून मला रायपुरातच एका ठाण्यात भृत्याची नोकरी मिळाली. पाणी भरायचं, चहा करायचा, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. पण एखादी बाई तक्रार घेऊन आली आणि महिला शिपाई बंदोबस्ताला नवा रायपुरला गेलेली असली, की ठाणेदार साहेब मला आत बोलावून बाजूला बसवत. खोलीत एक बाईमाणूस असावं, एवढ्यासाठीच. मी तोंड उघडत नसे. तशी बरीच वर्षं कोपऱ्यात बसून एवढं कळलं, की घाबरलेला माणूस खोटं बोलताना साहेबांच्या तोंडाकडे पाहतो. खरं सांगणारा बहुतेक आपल्या हातांकडे पाहून सांगतो.

उन्हाळा नुकता लागला होता. भनपुरीकडच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, एक तिशीतली बाई आवेदन घेऊन आली. दातांच्या एका मोठ्या दवाखान्यात ती कामाला होती. झाडू-पोछा, हत्यारं धुणं, कचऱ्याच्या पिवळ्या थैल्या बांधणं, सगळं तिच्याकडे. आठवडाभरापूर्वी ट्रे धुताना वापरलेली सुई तिच्या बोटात घुसली. ती सुई ज्या म्हाताऱ्यासाठी वापरली होती त्याला रक्तातून पसरणारी, बी प्रकारची काविळ होती. त्याने ते स्वतःच सांगितलं होतं आणि डॉक्टरांनी त्याच्या कागदावर लिहिलंही होतं.

तिने मॅनेजरला बोट दाखवलं. तो म्हणाला साबणाने धू, तुला या काविळीच्या लशीच्या तीनही सुया लागल्या आहेत, तुझं कार्ड बनलेलं आहे, काही होत नाही. दोन दिवस तिला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी ती सरकारी रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टरणीने रक्त तपासलं तर त्यात लशीची खूण नव्हती. तिने ताबडतोब दोन इंजेक्शनं दिली, उशीर झाल्याबद्दल रागावली आणि सांगितलं की सहा महिने तपासणी करत राहावं लागेल, तोवर काही खात्री देता येत नाही. तिच्या घरी दोन वर्षांची पोट्टी होती.

आमचे मुंशी म्हणजे हवालदार, पुरानी बस्तीतले मराठीच. माणूस वाईट नव्हता, पण कागद वाढला की त्यांचं पोट दुखायचं. त्यांनी तिला सांगितलं हे काम आरोग्य खात्याचं आहे, तिकडे जा. ती हलली नाही. हाताकडे पाहत एकच वाक्य बोलत राहिली. "मोला एको सूजी नइ लगे हे, साहब." मला एकही सुई लागलेली नाही. ठाणेदार साहेबांनी ते बाहेरून ऐकलं आणि आवेदन ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि मॅनेजर फाईल घेऊन हजर झाले. फाईल अशी नेटकी की कोणाचाही विश्वास बसावा. दवाखान्यात पाच बाया होत्या, पाचही जणींची कार्डं, प्रत्येकीवर तीन तारखा, औषधाच्या बाटलीचा नंबर, खाली सही आणि शिक्का. मॅनेजर बाहेरचा आणि डॉक्टर पुण्याकडून आलेले होते. मला मुंशीजींशी मराठीत बोलताना ऐकून डॉक्टर लगेच काकू म्हणू लागले. साहेबांना त्यांनी हिंदीत समजावलं की या बायका अडाणी असतात, कोणतं इंजेक्शन कशाचं हे त्यांच्या लक्षात राहत नाही. मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. चौथी शिकलेल्या बाईलाही दंडात सुई टोचली की नाही हे कळतं.

साहेबांनी बाकीच्या चौघींना बोलावलं. दोघी म्हणाल्या आम्हाला काही आठवत नाही. दोघी म्हणाल्या हो, तीन सुया लागल्या. या दोघी पूर्ण वेळ साहेबांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मला कळत होतं, पण माझ्या कळण्याला कोण विचारतो. जबाब कागदावर उतरला आणि प्रकरण ढिलं पडलं. मुंशीजी म्हणाले, आता रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, दोन ओळी लिहून संपवू. मला कार्डांच्या झेरॉक्स काढायला पाठवलं.

मशीनवर एकेक कार्ड ठेवताना दुसऱ्या सुईच्या तारखेवर माझी नजर अडकली. पाचही कार्डांवर तीच. ती तारीख मी माझ्या हाताने सुट्टीच्या अर्जावर लिहिली होती. वर्षातून एकच सुट्टी मी अर्ज लिहून मागायचे, हरतालिकेची, आणि तो अर्ज लिहायला मला अर्धा तास लागायचा, म्हणून तारीख विसरले नव्हते. तरी मालखान्याच्या, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीच्या, दारामागे मागच्या वर्षीचं कॅलेंडर टांगलेलं होतं, ते जाऊन पाहिलं. तीच तारीख. आपली हरतालिका म्हणजे इथली तीजा. तीजाला छत्तीसगढची बाई सासरी नसते आणि कामावरही नसते. भाऊ किंवा बाप आदल्या दिवसापर्यंत येऊन तिला माहेरी घेऊन जातो. रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन दुसऱ्या दिवशी पाण्याशिवाय उपास. त्या दिवशी पाच बाया दवाखान्यात रांग लावून सुई टोचून घेतील, हे ज्याने लिहिलं तो इथला नव्हता. त्याने पहिल्या सुईच्या तारखेत एक महिना मिळवला आणि जे आलं ते लिहिलं.

मी मुंशीजींना सांगितलं. ते आधी हसले.

"काकू, तुमी आता तपास करून राहिल्या काय? झेरॉक्स द्या न."

"भाऊ, तारीख पाहा. तीजाले तुमची कामवाली आली होती काय?"

त्यांनी कार्ड हातात घेतलं. मग मला साहेबांच्या खोलीत घेऊन गेले आणि म्हणाले, सांगा. मी कार्ड आणि कॅलेंडर दोन्ही टेबलावर ठेवलं आणि बोट दाखवलं. साहेब इथलेच, धमतरीकडचे. त्यांनी तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"तीजा के दिन तो मेरे घर में चाय बनाने वाला कोई नहीं रहता," ते हळूच म्हणाले.

पुढचं साहेबांनी ज्या रीतीने केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. मॅनेजरला एकट्याला बोलावलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्या सुईचा दिवस नीट आठवून सांगायला लावला. मॅनेजर खुलला. अकरा वाजता नर्स आली, पाचही जणी हजर होत्या, एक जण घाबरत होती, तिला आम्ही चिडवलं, असं सगळं रंगवून सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. सही वाळायच्या आत मुंशीजी दवाखान्यात जाऊन हजेरी रजिस्टर जप्त करून आले.

रजिस्टरमध्ये तीजाचे तीन दिवस पाचही जणींपुढे लाल शाईत गैरहजर. शेवटी तीन दिवसांचा पगार कापल्याची नोंद. आणि त्याच महिन्याच्या पगारातून टीका शुल्क, म्हणजे लस टोचल्याची फी, म्हणून आणखी रक्कम कापलेली. म्हणजे बाई त्या दिवशी आली नाही म्हणूनही पैसे कापले आणि त्याच दिवशी तिला सुई दिली म्हणूनही कापले. मी ते वाचलं तेव्हा माझ्या हातून रजिस्टर टेबलावर आपटलं.

हो म्हणणाऱ्या दोघींपैकी एकीला पुन्हा बोलावलं. या वेळी साहेबांनी मला म्हटलं, तुम्हीच विचारा. मी तिला हिंदीत विचारलं, तीजाला तू कुठे होतीस. ती लगेच म्हणाली, "मइके म, दीदी. अउ कहाँ रहूँ?" माहेरी, आणखी कुठे असणार. आणि बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. मग ती रडायला लागली. काम जाईल म्हणून खोटं बोलले म्हणाली.

मॅनेजर अर्ध्या तासात मोडला. दवाखान्याच्या कचऱ्याची तपासणी होणार होती आणि कचरा हाताळणाऱ्यांना या काविळीची लस दिल्याचा कागद लागतो. ती लस मालकाने आपल्या खर्चाने द्यायची असते, बाईच्या पगारातून नाही, हे मला त्या दिवशी समजलं. डॉक्टरांनी म्हटलं होतं, कागद पूर्ण करा. त्याने कागद पूर्ण केले. बाटलीचा नंबर कुठून आणला विचारलं तर म्हणाला, सरांच्या फाईलमधून. डॉक्टरांनी स्वतः एका मोठ्या इस्पितळात तीनही सुया घेतल्या होत्या आणि वर रक्त तपासून त्या लागू झाल्याचा रिपोर्टही ठेवला होता. त्यांना चांगलं माहीत होतं ही सुई कशासाठी असते.

संध्याकाळी व्हरांड्यात डॉक्टर माझ्याजवळ आले. म्हणाले, "काकू, आपण मराठी माणसं. साहेबांना जरा सांगा ना, मी सगळ्यांचे पैसे देऊन टाकतो."

मी विचारलं, "तुम्ही किती सुया घेतल्या, डॉक्टर?"

ते व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून निघून गेले. आयुष्यात मी कोणाला असं विचारलं नव्हतं.

फसवणूक आणि खोटे कागद बनवल्याचा गुन्हा दाखल झाला. पाचही जणींना सरकारी रुग्णालयात खऱ्या सुया सुरू झाल्या. पण जिच्या बोटात सुई गेली तिचे सहा महिने तिलाच काढायचे होते. प्रत्येक तपासणीनंतर ती ठाण्यात येऊन माझ्याजवळ बसायची. डॉक्टरणीने सांगितलं होतं की ताटवाटीने हा रोग पसरत नाही. तरी तिने आपलं ताट वेगळं केलं, नवऱ्यापासून लांब निजली, आणि पोट्टी अंगावर आली की तिला दूर सारायची. पोट्टी मग तिच्याकडे यायचंच सोडून आजीकडे जाऊ लागली. हे सांगताना ती रडत नव्हती. मला मात्र त्या नेटक्या फाईलची आठवण व्हायची.

शेवटचा रिपोर्ट साफ आला. तिने तो मला वाचायला दिला. मी दोनदा वाचला.

लोक खोट्या गोष्टीला फसत नाहीत, नीट लावलेल्या कागदाला फसतात, एवढं मी या प्रकरणातून शिकले. आणि ज्यांच्या नावाचे ते कागद असतात त्यांना कोणी शेवटपर्यंत विचारत नाही. आम्हीही जवळजवळ विचारलं नव्हतंच.

खटला अजून चालू आहे. वकिलाच्या सल्ल्याने डॉक्टरांनी पाच पाकिटं पाठवली. सुयांचे कापलेले पैसे, तीजाच्या तीन दिवसांचा पगार आणि जिच्या बोटात सुई गेली तिच्या तपासण्यांचा खर्च. मुंशीजींसमोर पाचही जणींनी मोजून घेतले आणि पावतीवर सही, अंगठा दिला. मुंशीजी म्हणाले, चला, मिटलं. ती पाकीट पदरात बांधून उठली आणि कोणाकडेही न पाहता निघून गेली. पैसे सगळे मिळाले होते, एक रुपयाही बाकी नव्हता.