राखलेलं प्यादं

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद पडल्या आणि मी सोनपेठला सासरी अडकले. दुपारी सासरे कापडी पट अंथरायचे. माझं कॉलेजातलं बुद्धिबळ तिथं चालेना. त्यांचे नियम जुने, आणि तेही मी चुकल्यावरच सांगायचे. एकदा मी त्यांचे सगळे मोहरे मारले. ते शांतपणे म्हणाले, "बुर्जी झाली. राजा एकटा उरला की डाव बरोबरीत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं एक प्यादं मुद्दाम राखलं. ते एकेक घर सरकत आलं आणि वजीर झालं. मी नुसती बघत राहिले. माझ्यावर मात झाल्यावर मी चिडून म्हणाले, "मारलं असतं तर परत बुर्जीच की."

"हरण्यापेक्षा बरोबरी बरी न्हाई का, सूनबाई?"