चरायला येतेस का?

एक वाजला की प्रयोगशाळेच्या दारातून प्राची ओरडते, "ए म्हशी, चरायला येतेस की वैरण तिथंच टाकू?" माझ्या शेजारी बसून पीएच.डी. करणारी सायली मायक्रोस्कोपवरून मानही न उचलता म्हणते, "आले गं भवाने, माझ्या डब्याला हात लावलास तर बघ!" मग प्राचीची नजर माझ्यावर येते आणि तिचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ होतो. "तू जेवणार आहेस का आमच्याबरोबर?"

या वाक्यात चूक काहीच नाही. तरी मला रोज सायलीचा हेवा वाटतो. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मराठीच्या पुस्तकात माणसं फक्त ‘जेवायची’. गिळणं, चरणं, हादडणं ही क्रियापदं लोक आपल्या माणसांसाठी राखून ठेवतात, हे मला इथे येऊन कळलं.

आज वाक्य मनात घोकत मी त्यांच्या टेबलापाशी गेले. "मीपण चरायला आले गं," एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "मी इथे बसू शकते का?"

त्यांचं हसणं थांबलं. "अगं, बस ना," म्हणत प्राचीनं माझ्यापुरता बाक रुमालानं पुसून दिला. सायलीपुढे सांडलेली आमटी मात्र कुणीच पुसली नव्हती.