अंगणवाडीच्या बाई मॅनेजर झाल्या

आमच्या आशागडच्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला वापीला नोकरी लागली आणि तो एका सोमवारी निघून गेला. नवा मॅनेजर निवडायला आम्ही कमिटीचे चौघे माझ्या चिकूच्या वाडीत बसलो. उमेदवार एकच होता, आमचा जुना गोलकीपर. त्याची अट होती की मॅनेजर झाल्यावर गोलमध्येही तोच उभा राहणार. वय पंचेचाळीस, गुडघा एकच धड.

तेवढ्यात शेजारच्या कैनाड गावच्या एक बाई आल्या. अंगणवाडीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांचे दोन भाचे आमच्याकडे खेळायचे. त्या तक्रार घेऊन आल्या होत्या. उद्या कोण खेळणार हे पोरांना मैदानावर पोचल्यावरच कळतं, मग घरी येऊन भांडणं होतात, हे आदल्या दिवशी का सांगत नाही, असं त्यांनी विचारलं. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. अर्ध्या तासात बाई मॅनेजर झाल्या आणि त्यांना खेळ समजावून द्यायचं काम माझ्यावर आलं.

मी गोणपाटावर चिकू मांडून ऑफसाइड शिकवला. बाईंनी मान डोलावली, घरी जाऊन मोबाइलवर नियम वाचले आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं की थ्रो-इनवर, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकतात तेव्हा, ऑफसाइड नसतो. मी वीस वर्षं मैदानाबाहेरून त्यावर ‘ऑफसाइड’ म्हणून ओरडत आलो होतो. कितीतरी रेफरींचे चेहरे डोळ्यांसमोरून गेले.

पहिला सामना तलासरीला होता. आदल्या संध्याकाळी बाईंनी यादी लावली, आणि तिच्यात कॅप्टनचं नाव नव्हतं. कॅप्टन म्हणजे माझा सख्खा पुतण्या. तीन दिवस सरावाला आला नव्हता, एवढंच कारण. आम्ही चार गोलांनी हरलो. त्यानंतर आठवडाभर वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि कमिटीने ठरवलं की बाईंना नारळ द्यायचा. तो द्यायला मलाच धाडलं.

कैनाडला पोचलो तर बाईंनी आधी चहा दिला. मग वही उघडली. चारही गोल आपल्या उजव्या बाजूने झाले, तिथला मुलगा डावखुरा आहे, त्याला पलीकडे हलवायला हवं, असं त्यांनी सांगितलं. मी कधीपासून तोंड उघडायचा प्रयत्न करत होतो.

"भाऊ, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "माझ्या मदतीला तुम्हाला नेमलं होतं ना? मग सामना चालू असताना तुम्ही तलासरीवाल्यांच्यात का बसला होता?"

खरं कारण असं की सावली त्यांच्याच बाजूला होती. ते सांगताना मला माझीच लाज वाटली. निरोप पोटात ठेवून मी परतलो. कमिटीला म्हटलं, एक सामना मी त्यांच्या शेजारी बसतो, मग बघू.

पुढचा सामना कोसबाडच्या टीमशी. मी भर उन्हात बाईंच्या बाकावर बसलो. पुतण्या आठवडाभर निमूट सरावाला आला होता, म्हणून यादीत होता. डावखुरा डावीकडे गेला होता. एक-एक बरोबरी झाली. आमचा गोल झाला तेव्हा मी उठून नाचलो. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला खाली बसायला सांगितलं, मागच्यांना दिसत नाही म्हणून.

कमिटीत बरोबरीबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे पसंती अशीच कळते.

वर्षअखेरच्या बैठकीत बाईंनी सुचवलं की कमिटीनेही आठवड्यातून एकदा सकाळी सहाला मैदानावर यावं. दोघांनी तिथल्या तिथे राजीनामे दिले. मी जातो. पुतण्या आणि मी एकाच मोटारसायकलवरून जातो, आणि उशीर झाला की बोलणी दोघांनाही सारखीच बसतात.