चतुर्थीच्या दिवसाची चव

आमच्या भोकरदनच्या शाळेत खिचडी शिजवायची ती माझी आई. घरचं सगळं आवरून ती साडेनऊला शाळेत हजर व्हायची. घरी आम्ही चौघं, शाळेत सव्वाशे पोरं, आणि हाताचा अंदाज दोन्हीकडे तोच: मीठ ती मुठीनंच घालायची. मुलांना वाढण्याआधी स्वयंपाक करणारीनं चव पाहायची आणि रजिस्टरवर सही करायची, असा नियम होता. आई सोमवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपास धरायची. त्या दिवशी ती मला वर्गातून बोलावून घ्यायची. मी चाखायची, सही ती करायची.

पाचवीपर्यंत मला यात मिरवल्यासारखं वाटायचं. सातवीत गेल्यावर लाज वाटायला लागली. मैत्रिणी मला "खिचडीवाली" म्हणायच्या. आता हसू येतं, तेव्हा रडू यायचं.

त्या चतुर्थीला जोडीची बाई रजेवर होती. आईच्या हातात मिठाचा डबा असतानाच तांदळाची गाडी आली आणि पोती उतरवून घ्यायला तिला जावं लागलं. परत आल्यावर तिनं मला बोलावलं.

"मीठ घातलं का न्हाई, ध्यानातच न्हाई बघ. जरा चाखून सांग," ती म्हणाली आणि वाटीत खिचडी दिली.

मैत्रिणी दारात उभ्या होत्या. मी वाटी घेऊन स्वयंपाकखोलीच्या मागं गेले, खिचडी मातीत ओतली आणि येऊन सांगितलं, "न्हाई घातलं." दोनपैकी एक उत्तर बरोबर येणारच होतं, म्हणून अंदाजानं सांगितलं.

आईनं तीन मुठी मीठ घातलं. तीन मुठी आधीच पडलेल्या होत्या.

पोरांनी पहिल्याच घासाला थुंकायला सुरुवात केली. अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं आणि सव्वाशे पोरं उपाशी राहिली. दुपारी शाळेच्या समितीची माणसं आली. "बाई बदला," असं एकजण सरळ म्हणाला. मी वऱ्हांड्यात खांबाला टेकून ऐकत होते. आईचं काम जाणार, हे मला कळत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं.

"बाई, चव पाह्यली नव्हती का?" मोठ्या गुरुजींनी विचारलं.

"पाह्यली ना सर. सही हाय की माझी. माझ्याच जिभेला कळलं न्हाई," आई म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पुन्हा असं झालं तर काम बंद, या अटीवर तिला ठेवलं. घरी ती मला काही बोलली नाही. पुढच्या चतुर्थीला मी वर्गात वाट पाहत बसले, पण बोलावणं आलं नाही. आई स्वतःच चाखायला लागली होती. शाळेच्या दिवसांतले सगळे उपास तिनं सोडून दिले. शेजारणी विचारायच्या तेव्हा, "पित्त होऊन राह्यलं," म्हणायची.

लग्नानंतर, आई झाल्यावर, मी एकदा तिला खरं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती.

"तवाच कळलं होतं मला. भांडी घासाया मागं गेल्ते, तर कोंबड्या खिचडी टिपत होत्या," ती म्हणाली आणि निवडत राहिली.

मला फार वाईट वाटलं. तिनं रागवायला हवं होतं.

काम सुटल्यापासून तिचे उपास पुन्हा सुरू झालेत. गेल्या महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा चतुर्थी होती. तिनं माझ्यासाठी आमटी केली. मीठ घालून ती थांबली. मी शेजारीच बसले होते. "दे, मी पाहते," म्हणून हात पुढं केला.

"असू दे. बस तू," ती म्हणाली. पळीतली आमटी तळहातावर घेतली आणि स्वतःच चाखली.