रागाच्या रकान्यात आईची हाक

अंधेरीच्या विमानतळावर मी रांगेतून दारापर्यंत पोचले आणि मागून आईने हाक मारली, "पोचल्यार फोन कर गो!" मधे ट्रॉल्या, निरोप द्यायला आलेली गर्दी, तरी दारावरचा जवान दचकून वळला. मी मान खाली घालून आत शिरले. पीएचडीला जर्मनीला निघालेल्या मुलीला असली आई शोभत नाही, असं मला तेव्हा खरंच वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

चारकोपच्या बैठ्या घरांत वाढलेल्यांना हा आवाज सांगावा लागणार नाही. आई मालवणची. आमच्याकडे कुणी हळू बोललं की, "ताप इलो काय?" असं विचारायची. प्रेम, काळजी, जेवण, भांडण, सगळं एकाच पट्टीत.

गंमत म्हणजे माझा धंदाच आवाजाचा झाला. मी मानसशास्त्रज्ञ. सुरुवात बोरिवलीच्या जंगलात माकडांच्या हाका टिपण्यापासून झाली. आता इथल्या लॅबमध्ये माकडं आणि माणसं आवाजातून भावना कशा कळवतात ते तपासते. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला बजावते, की माकडीण ओरडली म्हणून ती चिडली असं लिहू नका. हाक कुणाला मारली, कशासाठी मारली, ते आधी बघा.

आणि मी काय केलं? एकदा सुट्टीत घरी आले असताना आईचा आवाज रेकॉर्ड केला. दारात उभी राहून ती मला जेवायला बोलावत होती, एवढंच. परत आल्यावर त्यातले शब्द पुसून नुसते चढउतार इथल्या मुलांना ऐकवले. ऐकणाऱ्याने भावना ओळखायची. जवळजवळ सगळ्यांनी 'राग' या रकान्यात खूण केली. तो राग नाही, भात निवतोय म्हणून चाललेली घाई आहे, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. पण संशोधकाने मधे तोंड घालायचं नाही, हा नियम. मी गप्प बसले. पुढे एका भाषणात तीच हाक ऐकवली आणि पडद्यावर लिहिलं, तीव्र राग. लोक हसले. मीसुद्धा हसले.

दादाने कौतुकाने त्या भाषणाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. आईने स्वतःचा आवाज लगेच ओळखला. पडद्यावरच्या इंग्रजीचा अर्थ तिने दादाकडून काढून घेतला.

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मी फोनवर नमुने, नियम, ऐकणारे परके, असं बरंच काही सांगत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांका नाय कळला, त्यांचो दोष नाय. तुका तर म्हायत होता मां?"

इतकी वर्षं कान तयार केले, आणि जिथे ते वापरायचे तिथेच माती खाल्ली.

तेव्हापासून आई माझ्याशी हळू बोलते. "जेवलीस का? बरी आहेस ना?" पाहुण्यांसाठी ठेवणीतलं शुद्ध मराठी. मी चिडते, "आई, नीट बोल ना माझ्याशी!" तर म्हणते, "नीटच बोलते आहे." तुमच्यापैकी जे चारकोपलाच राहिलात ते म्हणाल, बरंच झालं की, म्हातारी शांत झाली. शांत कसली? माझ्यापुरती ती बंद झाली आहे. आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना विचारते, तुमच्याही घरचे तुमच्याशी असे जपून बोलायला लागलेत का?

गेल्या रविवारी आम्ही बोलत असताना दारात मासेवाली आली. आईने फोन बाजूला ठेवला आणि छातीच्या भात्यातून ओरडली, "हे बांगडे कालचे! माका शिकवतंस?" माझ्या खोलीतल्या लॅपटॉपचा स्पीकर फाटला. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकत होते. घर कुठे म्हणून कुणी विचारलं, तर मी चारकोप म्हणत नाही आणि इथला पत्ताही देत नाही. आई ज्याच्यावर असं बिनधास्त ओरडते, तो घरचा.

मग तिने फोन उचलला आणि अगदी हळू म्हणाली, "हं, बोल बाळा."

त्या मासेवालीचा मला हेवा वाटला.