भिंगरीबाईंचे डबे

बाईंना कुणी खुर्चीत बसलेलं पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. बारामतीच्या पेठेत माझं कापडाचं दुकान. बाई यायच्या, उभ्या उभ्या पाणी प्यायच्या आणि मी तांब्या आत ठेवेपर्यंत शेजारच्या भांडीवाल्या आबांच्या दुकानात पोचलेल्या असायच्या. माघारी आम्ही त्यांना भिंगरीबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "बसले की गंज चढतो हो मला," म्हणायच्या.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जवळच्या पिंपळी गावात बायकांचा साक्षरता वर्ग सुरू केला होता. दिवसभर खुरपून आलेल्या बाया संध्याकाळी पाटी घेऊन बसायच्या. नव्वदनंतर साक्षरतेचं वारं जोरात सुटलं, तसं ते ओसरलंही. सरकारी पुस्तकं यायची थांबली, कंदिलाच्या रॉकेलचीही पंचाईत. "निम्म्या बाया जोडाक्षरांपाशी आल्यात. आता वर्ग मोडला तर आलेलं सगळं पुसलं जाईल," बाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून आमच्यामागं त्यांचा भुंगा लागला.

दिवाळीच्या खरेदीतली एक संध्याकाळ ठरवायची आणि त्या विक्रीतला थोडा वाटा प्रत्येक दुकानदारानं वर्गाला द्यायचा, असा त्यांचा बेत. दिवसही त्यांनीच ठरवला, लक्ष्मीपूजनाचा. का, तर गर्दी फार असते. मास्तरीणबाईंना व्यापाऱ्याची रीत कुठून माहीत असणार? आणि आम्ही महाबिलंदर. ही ब्याद एकदाची टळू दे म्हणून सगळे हो हो म्हणून मोकळे झालो.

त्या संध्याकाळी बाई हजर. मागं पिंपळीच्या बाया, हातात डालड्याचे रिकामे डबे. दुकानांतल्या पूजा नुकत्याच झालेल्या. आबांनी हात जोडले. "बाई, आज गल्ल्यातनं पैसा बाहेर काढत न्हाय आमी. लक्ष्मी घालवल्यागत हुतं." मीही तेच सांगितलं. साऱ्या पेठेनं तेच सांगितलं. बाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. एरवी त्या कधी थांबलेल्या पाहिल्या नव्हत्या. मी मान खाली घालून कापडाच्या घड्या घालू लागलो.

मग आबांकडं वळून म्हणाल्या, "गल्ल्यात पडलेला पैसा काढता येत नाही ना? मग पडू कशाला देता? तुमच्या बिलातला वाटा गिऱ्हाइकानंच आधी डब्यात टाकायचा, उरलेला तुम्हाला द्यायचा."

रीत मोडत नव्हती, मग करता काय? दुकानादुकानाच्या दारात एकेक डबा घेऊन एकेक बाई उभी राहिली. भिंगरीबाई पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गिऱ्हाइकांना दटावत फिरत होत्या. वर्ग वाचला. पुढं दर दिवाळीला डबे येत राहिले आणि आम्हीही कुरकुरत का होईना, ते दारात ठेवून घेत राहिलो.

एका सकाळी बाई चालता चालताच गेल्या. अंथरुणाला खिळणं त्यांना जमलंच नसतं. पेठेच्या तोंडाशी फळा आहे, गावात कुणी वारलं की त्यावर खडूनं लिहितात. पिंपळीला निरोप धाडायला माणूस बघा, असं मी आबांना सांगत होतो, तोच बाजाराला आलेल्या पिंपळीच्याच बाया रिकाम्या पिशव्या घेऊन दुकानापुढं येऊन उभ्या राहिल्या. तोंडाला पदर लावलेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाय," त्यातली एक म्हणाली. "यष्टीतनं उतरून येत हुतो. फळ्यावर बाईंचं नाव दिसलं. आमीच वाचलं."