हातानं ऐकणारे जैनूचाचा

घोडेगाव परिसरात कुणाची मोटर विहिरीत पडली, की पहिला फोन जैनुद्दीन शेख यांना जातो. फोनवर त्यांना कुणी जैनुद्दीन म्हणत नाही. लहान-थोर सगळे जैनूचाचाच म्हणतात. वय साठीच्या पुढं, अंग काटक, पांढरी दाढी, आणि मोटारसायकलच्या मागं कायम बांधलेला दोर आणि लोखंडी गळ. या गळानं त्यांनी मोटरी काढल्या, बादल्या काढल्या, एकदा पाण्यात पडलेली शेळी जिवंत काढली. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीत पडलेला एका नवरदेवाचा चष्माही काढला. तो मात्र गळानं नाही, बुडी मारून.

पण गळाला लागतं ते मोठं. अंगठी, नाकातली फुली, किल्ली असलं बारीक काही गाळात गेलं, की चाचा हात टेकायचे. "आता ते विहिरीचं झालं," असं समोरच्याला सांगताना त्यांना बरं वाटायचं नाही. घरी आल्यावर बायको मेहताबला ते दोन-दोन दिवस तेच सांगत बसायचे, की फुली तिथंच होती, हाताखाली होती, पण गाळात दिसणार कशी?

त्यांचा जावई तौसीफ दुबईला बंदरात कामाला आहे. गेल्या ईदला तो आला तो एक लांबुळकी पेटी घेऊन. पेटीत पाण्याखाली धातू शोधायचं यंत्र होतं. गावी परतणाऱ्या एका सोबत्याकडून त्यानं ते घेतलेलं. लांब दांडा, खालच्या टोकाला थाळीएवढं गोल कडं, वर मुठीजवळ एक छोटा पडदा. कड्याखाली धातू आला की यंत्र वाजतं, एवढं तौसीफनं समजावलं आणि सुटी संपल्यावर तो निघून गेला.

चाचांनी यंत्र पहिल्यांदा नेलं ते बन्सीच्या विहिरीवर. बन्सी म्हणजे त्यांचा जुना दोस्त, डाळिंबाचा शेतकरी. चाचा विहिरीच्या खालच्या पायरीवर उभे राहिले, कडं पाण्यात सोडलं आणि यंत्रानं जो आरडाओरडा सुरू केला, तो थांबेचना. मोटरचा पाइप, लोखंडी साखळी, भिंतीतल्या सळया, चाचांच्या खिशातली मोटारसायकलची किल्ली, सगळ्यांच्या नावानं ते ओरडत होतं.

"चाचा, तुमच्या मशीनला भूत दिसलं का काय?" बन्सी वरून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते ओढ्यात गेले. तिथं पाइप नव्हता, साखळी नव्हती. तरी यंत्र तापात बरळणाऱ्या माणसासारखं आपलं पुटपुटत राहिलं. शेवटी तौसीफला व्हिडिओ कॉल लागला.

"अब्बा, ते अजून समुद्राच्या पाण्यावर लावलेलं हाय," तौसीफ म्हणाला. "आपलं पाणी गोडं. आधी ते बदला. आणि आपला दगड काळा, त्यात लोखंडाचा अंश असतो. म्हणून ते दगडालाच धातू समजतंय. कडं तळापाशी वर-खाली करा आणि बटण दाबून धरा. जमिनीची ओळख पटली की गप बसंल."

चाचांनी तसं केलं. यंत्र खरंच गप बसलं. चाचांना लई आनंद झाला. मग त्यांनी ते ओढ्यात तासभर फिरवलं आणि त्यांना एक विळा, गाडीचा एक नट आणि थंड पेयाच्या बाटल्यांची बुचं सापडली.

शिकायचं तर स्वच्छ तळ पाहिजे, हे चाचांच्या ध्यानात आलं. असा तळ एकाच ठिकाणी होता: बन्सीच्या शेततळ्यात. खाली सगळा प्लॅस्टिकचा कागद, ना दगड ना लोखंड. उन्हाळ्यानं पाणी कमरेपर्यंत उतरलेलं. पण बन्सी तयार होईना.

"कागदाला भोक पडलं तर माझी डाळिंबं वाळतील, चाचा."

"टायरच्या ट्यूबचं रबर लावतो कड्याला. पायात चप्पल घालत न्हाई. मग तर झालं?"

बन्सीनं एक अट घातली. कागद शेवाळानं निसरडा असतो, तेव्हा कमरेला दोर बांधूनच उतरायचं आणि दोराचं टोक बाहेर लिंबाच्या झाडाला. अशी चाचांची शाळा भरली. दोर बांधलेले चाचा पाण्यात, आणि काठावर मास्तरीण म्हणून मेहताबचाची, ओच्यात खिळे, चमचे, बुचं, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि स्वतःचं एक चांदीचं पैंजण घेऊन. चाचांनी पाठ करायची, चाचीनं काहीतरी फेकायचं, मग चाचांनी ते शोधून काढायच्या आधीच ते काय आहे हे सांगायचं.

खिळे जमले. चमचा जमला. मग चाचीनं पैंजण फेकलं. चाचा त्यावरून एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. काठावर बसलेल्या चाचीला यंत्राचा बारीक, स्वच्छ आवाज ऐकू येत होता. चाचा मात्र पुढंच चाललेले.

"वाजलं की!" चाची ओरडली.

"कुठं वाजलं?"

"आत्ता. तुमच्या पायापाशी."

"न्हाई वाजलं. मशीन बिघडलं हे."

चाचीनं त्यांना तिथंच उभं केलं, कडं हलवायला लावलं. यंत्र किणकिणत होतं. चाचा तिच्या तोंडाकडं बघत होते. मग चाचीला वर्षभरातल्या कितीतरी गोष्टी एकदम उमगल्या. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, कुकरच्या शिट्ट्या होऊनही न उठणारे चाचा, दोन-दोनदा मारलेल्या हाका. आयुष्यभर खोल बुड्या मारून कान गेले होते. जाडा आवाज कळत होता, बारीक आवाज त्यांच्यापुरता संपला होता.

"तुम्हाला ऐकू येत न्हाई," ती हळूच म्हणाली. तेही त्यांना ऐकू आलं नाही. तिनं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा बन्सीनंही ऐकलं.

चाचा पाण्यातून बाहेर आले, दोर सोडला, यंत्र पेटीत घातलं. ज्या माणसाला अख्खा तालुका पाण्यातला माणूस म्हणून ओळखतो, त्याला पाण्यातलंच ऐकू येऊ नये, हे त्यांना फार लागलं होतं. पेटी कॉटखाली गेली. नगरच्या डॉक्टरांनी कानाचे पडदे बघितले आणि आता खोल बुडी बंद, असं बजावलं, तेव्हा तर चाचा आणखीच मिटून बसले.

चाचीनं समजूत वगैरे काढली नाही. ती आठवडाभर विचार करत राहिली. एका दुपारी कॉटवर पडलेला चाचांचा फोन घर्रर्र करत सरकत सरकत कडेपर्यंत आला आणि खाली पडणार तेवढ्यात तिनं तो झेलला. फोन तौसीफचाच होता.

"का रे," तिनं सलाम-दुआ राहू देऊन आधी तेच विचारलं, "हा फोन थरथरतो, मग त्या एवढ्या मोठ्या मशीनला थरथरायला काय झालं?"

पलीकडं तौसीफ एकदम हसला. मग म्हणाला, "अम्मी, थरथरतं ते. मूठ थरथरते. मला सुचलंच न्हाई बघा."

दुसऱ्या दिवशी चाचा कुरकुरत पुन्हा शेततळ्यात उतरले. आवाज बंद, मूठ चालू. चाचीनं आधी खिळा फेकला. कडं त्यावर आलं आणि चाचांचा हात एकदम थांबला. त्यांनी डोळे मिटले. कडं सावकाश, तळाला समांतर, एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं नेलं.

"तुटक येतंय," ते म्हणाले. "खडीवरून बैलगाडी गेल्यासारखं. लोखंड."

मग पैंजण पडलं. चाचा बराच वेळ त्याच्यावर उभे राहिले. तोंडावर हळूहळू हसू आलं.

"हे गोल हाय. मांजर मांडीवर बसून गुरगुरतंय जसं. मेहताब, चांदी!"

त्यानंतर ते रोज सकाळी तळ्यात. गोळ्यांचं पाकीट आणि बारीक सोनं मुठीला सारखंच लागतं, त्यामुळं तिथं अंदाज चालत नाही, उकरून बघावंच लागतं, हेही कळलं. घाई केली की पाणी कड्याला ढकलतं आणि खूण निसटते, हे कळलं. गाळ उपसायला त्यांनी घमेल्याला भोकं पाडून लांब दांडा जोडून घेतला. पण ते लोखंडी घमेलं जवळ आणलं, की मूठ त्याच्याच नावानं थरथरायची. मग घमेलं हातभर लांब धरायची सवय लावून घेतली. चाचीनं एकदा फसवायला नुसताच हात हलवला आणि काहीच फेकलं नाही. चाचांनी सगळं तळं पालथं घातलं आणि म्हणाले, "आज तू काही टाकलंच न्हाईस." त्या दिवशी परीक्षा पास झाली, असं बन्सीनं जाहीर करून टाकलं आणि दोघांना डाळिंबं दिली.

पहिलं खरं काम आलं ते एका मुलीचं. बाजाराच्या दिवशी स्कूटीवरून एक धिप्पाड खांद्याची पोरगी आली. केस बारीक कापलेले, कान कुस्तीत चुरगळलेले. नाव ज्ञानेश्वरी. मुळा नदीकाठच्या गावची.

"चाचा, एक पदक पाण्यात गेलंय. बंधाऱ्यात. पण कुणाला सांगायचं न्हाई."

"कुणाचं पदक?"

"माझंच."

"पडलं कसं?"

तिनं मान खाली घातली. "पडलं न्हाई. मी फेकलं."

मागल्या वर्षी जिल्ह्याच्या कुस्तीत तिला पहिलं पदक मिळालेलं. या वर्षी राज्याच्या निवडीत तिची कुस्ती शेवटच्या क्षणी गेली, आणि तीही पूर्वी तिनंच हरवलेल्या मुलीसमोर. येताना ती बंधाऱ्यावर थांबली, सॅकमधून जुनं पदक काढलं आणि दिलं भिरकावून. घरी वडिलांनी विचारलं, तर तालमीत फोटोसाठी ठेवलंय म्हणाली. आता वडील रोज विचारत होते, फोटो झाला का?

धरणातून शेतीला सोडलेलं आवर्तन संपून नदीचं पाणी उतरलं होतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला छातीएवढं, संथ. चाचा, चाची आणि ज्ञानेश्वरी सकाळीच पोहोचले. तिनं बोटानं जागा दाखवली. चाचांनी तिथं जमिनीची ओळख करून घेतली आणि शोधायला सुरुवात केली. तारेचा तुकडा, कुलूप, पुन्हा तार. दुपार व्हायला आली तरी पदक नाही.

"तू इथंच टाकलंस नक्की?" चाचांनी विचारलं.

"इथंच. एवढ्याच लांब."

चाचा बाहेर आले, अंग पुसलं, काठावरचा एक चपटा दगड उचलला, हातात तोलून बघितला. डब्याच्या फडक्याची चिंधी फाडून त्याला पदकाच्या फितीसारखी बांधली आणि दगड तिच्या हातात दिला.

"परत फेक. त्या दिवशी फेकलंस तसं."

तिनं फेकला. दगड बोटानं दाखवलेल्या जागीच पडला. चाचांनी मान हलवली. "हा राग न्हाई. ही तर पुरणपोळी वाढल्यावानी झाली."

दुसरा दगड बांधला. तोही तसाच. तिला राग येईचना; उलट हसू येत होतं. तेव्हा चाचीनं तिसरा दगड बांधून तिच्या हातात दिला आणि चाचांना बाजूला सारलं.

"ती दुसरी पोरगी तुझ्यापेक्षा चांगली असंल," चाची शांतपणे म्हणाली.

"चांगली न्हाई ती."

"मग तू हरलीस कशी? दमलीस?"

"दमले न्हाई."

"मग पोटभर जेवून गेली असशील. न्हाईतर भ्यालीस."

"चाची, मी भ्याले न्हाई!" ज्ञानेश्वरी किंचाळली आणि हातातला दगड सुटला. चिंधी फडफडत तो थेट नदीच्या मध्यावर जाऊन पडला, आधीच्या जागेपेक्षा कितीतरी पुढं. तिघंही त्या पाण्याच्या वर्तुळाकडं बघत राहिले.

"राग हातात असताना माणसाला लांबी कळत न्हाई," चाचा म्हणाले आणि पाण्यात शिरले.

मधे पाणी गळ्याशी आलं. दोर ज्ञानेश्वरीच्या हातात होता, आणि त्या हातातून दोर सुटणं शक्य नव्हतं. चाचा सावकाश सरकत होते. एकदा थांबले, घमेलं घातलं, बूच निघालं. पुन्हा थांबले, बांगडीचा तुकडा. मग त्यांनी डोळे मिटले, आणि काठावरच्या दोघींना कळलं की मुठीत काहीतरी आलंय. मोठं, भरीव, अखंड. घमेलं खाली गेलं, वर आलं, भोकांतून पाणी गळून गेलं. गाळात फितीचं टोक दिसत होतं.

ज्ञानेश्वरीनं पदक ओंजळीत घेतलं, नदीत धुतलं, चाचीच्या पदराला पुसलं आणि मग ती एकदम रडायलाच लागली. एवढ्या तगड्या मुलीला कसं जवळ घ्यावं हे चाचीला कळेना, म्हणून तिनं तिच्या पाठीवर नुसत्या थापा मारल्या.

निघायच्या वेळी ज्ञानेश्वरीला यंत्र चालवून बघायचं होतं. ती पाण्यात गेली, तिला पाहून चाचीही साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली. चाचांनी यंत्राचा आवाज चालू करून दिला. चाचीला बारीकसारीक सगळं ऐकू येत होतं, आणि ती ऊन कलेपर्यंत बाहेर यायला तयार झाली नाही. चाचा भुकेले, झाडाखाली डबा उघडून एकटेच भाकरी खात बसले.

त्या संध्याकाळी ज्ञानेश्वरीनं वडिलांना सगळं खरं सांगून टाकलं. वडिलांनी ताट संपवलं. हात धुताना त्यांनी विचारलं, "किती लांब गेलं हुतं?"

"नदीच्या मधोमध."

"मंग हातात जोर हाय अजून," ते म्हणाले. "उद्या पहाटे तालमीत जा."

हे तिनंच फोन करून चाचीला सांगितलं. आता ती रोज तालमीत जाते, आणि हरली तरी आधी चाचीला फोन करते. इकडं चाचा आणि चाची दोघंही कामाला जातात. जाडं लोखंड, मोटरी, बादल्या चाचांकडं. बारीक काम असलं आणि पाणी उथळ असलं, तर चाचीकडं. परवा नेवाशाकडून नाकातल्या फुलीचं काम आलं, तेव्हा फोन करणाऱ्यानं विचारलं, ती यंत्रवाली बाई येणार का? चाचांनी फोन मुकाट्यानं मेहताबच्या हातात दिला आणि मोटारसायकलला किक मारली.